वारसा चवीत शोधताना भाडेकरार विसरू नका: शहरांच्या वारसा समित्यांना खुले पत्र

प्रति,
शहरांच्या वारसा समित्या, महापालिकांचे संस्कृती विभाग, पर्यटन मंडळे आणि वारसाफेऱ्या आखणाऱ्या संस्था यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या काही वर्षांत जगातील अनेक शहरांनी आपल्या वारसाफेऱ्यांचे मार्ग राजवाडे, प्रार्थनास्थळे आणि सरकारी इमारती यांच्यापलीकडे नेले आहेत आणि स्थलांतरितांच्या वस्त्यांमधील लहान उपाहारगृहांना त्यांत जागा दिली आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. परक्या शहरात आलेल्या माणसाला स्वतःची वास्तू उभारणे क्वचितच शक्य होते. त्याच्या हाती येतो तो भाड्याचा गाळा, एक चूल, चार टेबले आणि दारावरची पाटी. दगडी बांधकामाला वारसा मानणाऱ्या नोंदवह्यांत म्हणूनच त्याचे नाव सापडत नाही. एखाद्या समाजाने नव्या शहरात सर्वांसाठी उघडलेली पहिली जागा अनेकदा हे उपाहारगृहच असते आणि शहरातील जुन्या रहिवाशांनी त्या समाजाला प्रथम जवळून पाहिलेले असते तेही तिथेच.

परंतु या फेऱ्यांची पत्रके आणि नकाशे मी आवडीने वाचत आले आहे, आणि त्यांतील एक उणीव मला सातत्याने अस्वस्थ करते. त्यांत पदार्थांची वर्णने असतात, मसाल्यांची नावे असतात, ‘अस्सल’ चवीची ग्वाही असते आणि गल्ल्यावर बसलेल्या मालकाचे हसरे छायाचित्र असते. मात्र ही माणसे याच सुमारास, याच रस्त्यावर, हाच व्यवसाय घेऊन का आली, या प्रश्नाचे उत्तर त्यांत नसते. ते उत्तर बहुतेक वेळा स्थलांतराच्या कायद्यात, मजुरीच्या बाजारात आणि जागेच्या भाड्यात दडलेले असते. आपण आखत असलेल्या फेऱ्यांमध्ये उपाहारगृहाचे हे अंग यावे आणि जतनाच्या धोरणातही त्याला स्थान मिळावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

लंडनचे उदाहरण घेऊ. पाटण्यात जन्मलेले आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात काम केलेले दीन महंमद आयर्लंडमध्ये काही काळ राहून लंडनला आले आणि १८१० मध्ये त्यांनी पोर्टमन चौकाजवळच्या जॉर्ज स्ट्रीटवर ‘हिंदुस्तानी कॉफी हाउस’ उघडले. भारतीय माणसाने ब्रिटनमध्ये चालवलेले हे पहिले ज्ञात भारतीय उपाहारगृह मानले जाते. दोनच वर्षांत दीन महंमद दिवाळखोर झाले. २००५ मध्ये त्या रस्त्यावर त्यांच्या स्मरणार्थ फलक लावण्यात आला, आणि ते योग्यच झाले. तथापि, ब्रिटनमधील गावोगावची ‘इंडियन’ उपाहारगृहे दीन महंमदांच्या परंपरेतून आलेली नाहीत. त्यांची मुळे वाफेच्या जहाजांच्या तळाशी भट्टीत कोळसा लोटणाऱ्या, आजच्या बांगलादेशातील सिल्हेटच्या खलाशांकडे जातात. त्यांतील काही जण जहाज बंदराला लागल्यावर उतरून परत चढलेच नाहीत. त्यांनी हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत भांडी घासली, बटाटे सोलले आणि हळूहळू आचाऱ्याचे काम शिकून घेतले. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यांत मोडकळीला आलेली लहान कॅफे नंतर स्वस्तात मिळू लागली, तेव्हा त्यांनी पैसे एकत्र करून ती घेतली. तळलेला मासा आणि बटाटा हे जुने गिऱ्हाईक टिकवणारे पदार्थ त्यांनी तसेच ठेवले, त्यांच्या जोडीला रस्सा आणि भात ठेवला आणि मद्यगृहे बंद झाल्यावर बाहेर पडणाऱ्या लोकांसाठी रात्री उशिरापर्यंत दुकान उघडे ठेवले. फेरीतील पाहुण्याला सांगायला हवे ते हे: उशिरापर्यंत चालणाऱ्या त्या वेळेत, त्या स्वस्त गाळ्यात आणि त्या मिश्र पदार्थांच्या यादीत एका समाजाच्या स्थिरावण्याचा क्रम लिहिलेला आहे.

पदार्थांची यादीही अशीच वाचता येते. ब्रिटनमधील या उपाहारगृहांत कोर्मा, मद्रास, विंदालू ही नावे तिखटपणाच्या चढत्या क्रमाने लावलेली आढळतात. यांपैकी कोणताही पदार्थ सिल्हेटच्या घरातला नव्हे. विंदालूचे मूळ गोव्यात, मद्रास हे नाव दूर दक्षिणेचे, कोर्मा उत्तरेकडच्या दरबारी स्वयंपाकातला. सिल्हेटचा आचारी गिऱ्हाइकाला ओळखीची झालेली ही नावे रांधत होता आणि रात्री गिऱ्हाईक गेल्यावर मागच्या बाजूला स्वतःसाठी भात आणि सातकरा या आंबट फळात शिजवलेला मासा वाढून घेत होता. १९७१ मध्ये बांगलादेश स्वतंत्र झाल्यानंतरही दारावरची पाटी बहुधा ‘इंडियन’च राहिली, कारण गिऱ्हाईक तीच ओळखत होते. ही यादी ‘अस्सल’ आहे की नाही, हा प्रश्न मला निरर्थक वाटतो. विकण्याचे अन्न आणि जेवणाचे अन्न यांत जे अंतर पडले ते कोणत्या दबावाने पडले, हा प्रश्न विचारला तर एका रांगेतील चार टेबलांमागे साम्राज्य, युद्ध, फाळणी आणि नागरिकत्वाचे कायदे दिसू लागतात. १९६२ च्या राष्ट्रकुल स्थलांतर कायद्याने मुक्त प्रवेश बंद होऊन कामाचे परवाने आले, तेव्हा गावी ये-जा करत राहणाऱ्या एकट्या पुरुषांपुढे कायमचे परतावे की बायकामुलांना इकडे आणावे, असा पेच उभा राहिला. पुढील दोन दशकांत अनेकांनी कुटुंबे आणली आणि पूर्व लंडनमध्ये वस्ती उभी राहिली. जो कायदा लोकांना रोखण्यासाठी केला गेला, त्यानेच त्यांना तेथे रुजवले.

याच पूर्व लंडनमधील ब्रिक लेनवर आपल्या धोरणातील विसंगती एका कोपऱ्यावर उभे राहून पाहता येते. फूर्निये स्ट्रीटच्या कोपऱ्यावरील इमारत १७४३ मध्ये फ्रान्समधून छळाला कंटाळून आलेल्या ह्युगेनो प्रोटेस्टंटांनी प्रार्थनेसाठी बांधली. पुढे ती मेथडिस्टांकडे गेली, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंचे सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनागृह, झाली आणि १९७६ मध्ये बांगलादेशी समाजाची मशीद झाली. स्थलांतराचा इतका सलग पुरावा देणारी वास्तू क्वचितच कुठे असेल, आणि ती कायद्याने संरक्षित आहे. त्याच रस्त्यावरच्या बांगलादेशी उपाहारगृहांची संख्या मात्र २००० नंतरच्या दशकाच्या मध्यास सुमारे ६० होती, ती २०२० च्या सुरुवातीपर्यंत २३ वर आली. वाढती भाडी, बाहेरून आचारी आणण्याबाबत कडक झालेले व्हिसाचे नियम आणि रस्त्याचे बदललेले गिऱ्हाईक ही त्याची कारणे आहेत. आणखी एक कारण आहे, ज्याचा उल्लेख हळहळीच्या सुरात करू नये असे मला वाटते: पुढच्या पिढीने शिक्षण घेतले आणि ती दुसऱ्या व्यवसायांत गेली. आईवडिलांनी रोज मध्यरात्रीपर्यंत राबून मुलांसाठी जे साधले त्याला वारसा लोप पावणे म्हणता येणार नाही. मुलांनी चुलीपाशीच राहावे, अशी अपेक्षा करण्याचा अधिकार आपल्यासारख्या बाहेरून येऊन जेवणाऱ्यांना नाही. भाडे परवडले नाही म्हणून बंद पडलेले दुकान आणि मुलगी डॉक्टर झाली म्हणून आनंदाने बंद केलेले दुकान यांची नोंद वेगवेगळी व्हायला हवी. पहिल्यात धोरणाला हस्तक्षेप करता येतो. दुसऱ्यात त्या कुटुंबाची आठवण आणि कागदपत्रे जपून ठेवणे एवढेच आपले काम उरते.

कायद्याने उपाहारगृह कसे घडते, याचे सर्वांत ठळक उदाहरण मला अमेरिकेतील चिनी उपाहारगृहांत दिसते आणि त्यावर थोडे अधिक थांबणे मला आवश्यक वाटते. १८८२ च्या चिनी बहिष्कार कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेत येण्यास बंदी घातली. व्यापाऱ्यांना मात्र सवलत होती: त्यांना ये-जा करता येई आणि कुटुंबालाही आणता येई. उपाहारगृहाचा मालक व्यापारी आहे की मजूर, याविषयी अधिकाऱ्यांचे मत दीर्घकाळ प्रतिकूल होते. १९१५ मधील एका न्यायालयीन निर्णयाने चित्र बदलले आणि विशिष्ट अटी पाळणाऱ्या उपाहारगृहांच्या मालकांना व्यापाऱ्याचा दर्जा मिळू लागला. अटी अशा होत्या की उपाहारगृह मोठे आणि उच्च दर्जाचे असावे, अर्जदाराची त्यात भरीव गुंतवणूक असावी, त्याने किमान एक वर्ष पूर्णवेळ व्यवस्थापन पाहिलेले असावे आणि त्या काळात भांडी घासणे, वाढणे, रांधणे असे मजुरीचे काम केलेले नसावे. एकट्या माणसाला एवढे भांडवल जमवणे अशक्य असल्याने नातेवाईक आणि गावकरी भागीदारीत पैसे घालत, पाळीपाळीने वर्षभर व्यवस्थापक होत, आणि ज्याची पाळी पूर्ण होई तो मायदेशी जाऊन कुटुंबाला भेटण्याचा किंवा आणण्याचा परवाना मागे. १९१० ते १९२० या दशकात न्यूयॉर्कमधील चिनी उपाहारगृहांची संख्या सुमारे चौपट झाली, त्यामागे चॉप सुई या अमेरिकेत रुळलेल्या चिनी पदार्थाची लोकप्रियता होती तसा हा निर्णयही होता.

या इतिहासाची जाणीव ठेवून त्या काळातील चिनी उपाहारगृहांच्या जुन्या छायाचित्रांकडे पाहिले तर दृष्टीच बदलते. प्रशस्त दालन, कोरीव लाकूडकाम, संगमरवरी टेबले आणि रंगीत कंदील ही सजावट गिऱ्हाइकाला भुलवण्यासाठी तर होतीच, शिवाय स्थलांतर खात्याच्या अधिकाऱ्यापुढे ‘उच्च दर्जा’ सिद्ध करण्यासाठीही होती. एखादा मार्गदर्शक त्या दालनात उभा राहून फक्त कंदिलांचे सौंदर्य सांगत असेल तर तो दारापाशी येऊन थांबला आहे. तो कायदा अखेर १९४३ मध्ये रद्द झाला, तोही वर्षाला १०५ चिनी व्यक्तींना प्रवेश देणाऱ्या मर्यादेसह. त्या एकसष्ट वर्षांत किती कुटुंबांची ताटातूट झाली आणि किती कुटुंबे एका खानावळीच्या भागभांडवलामुळे एकत्र आली, याचा हिशेब अमेरिकी सरकारच्या दप्तरांतील स्थलांतराच्या फायलींमध्ये आजही आहे. जबान्या, साक्षीदारांची निवेदने आणि भागीदारांच्या याद्या अशा फायलींत सापडतात. आपल्या शहराच्या अभिलेखागारात असे काही आहे का, हे पाहण्याचे काम फेरी आखण्याच्या पहिल्याच टप्प्यात व्हायला हवे.

बर्लिनचा अनुभव वेगळ्या वळणाने त्याच ठिकाणी येतो. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात मजूरभरतीचा करार झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिल्याने पूर्वेकडून येणारे कामगार थांबले होते आणि पश्चिम बर्लिनच्या कारखान्यांना माणसे हवी होती. मूळ करारात तुर्की कामगाराचा मुक्काम दोन वर्षांपुरताच धरला होता, ती अट १९६४ मध्ये गेली. पाडकामासाठी राखून ठेवलेल्या आणि म्हणून दुर्लक्षित राहिलेल्या भिंतीलगतच्या क्रॉइझबर्गमधील घरांत त्यांना जागा मिळाली, कारण तेथे दुसरे कोणी राहायला तयार नव्हते. नोव्हेंबर १९७३ मध्ये तेलसंकटाच्या काळात भरती बंद झाली. आता एकदा परत गेले की पुन्हा येता येणार नाही, हे लक्षात आल्यावर अनेकांनी राहण्याचा आणि कुटुंब आणण्याचा निर्णय घेतला. कारखान्यांतील कामे घटत गेली तसे उभ्या सळईवर भाजलेले मांस पावात भरून हातात देणारे ठेले वाढले. हाच डोनर बर्लिनचा पदार्थ म्हणून जगभर मिरवतो, पण फेरीत त्याच्याबरोबर १९७३ चा भरतीबंदीचा आदेश आणि त्यानंतर दोन वर्षांनी परदेशी नागरिकांना क्रॉइझबर्गसह तीन विभागांत नव्याने राहायला येण्यास घातलेली मनाई यांचीही माहिती मिळाली पाहिजे. ज्या वस्तीला आज रंगीबेरंगी म्हणून नकाशावर ठळक केले जाते, तिच्यात माणसांनी येऊ नये असा नियम याच शहराने केला होता.

लिमामध्येही हेच सूत्र आहे. पेरूमध्ये १८४९ ते १८७४ या काळात सुमारे एक लाख चिनी मजूर करारावर आणले गेले आणि त्यांना उसाच्या मळ्यांवर, पक्ष्यांच्या विष्ठेच्या खताच्या बेटांवर अमानुष स्थितीत राबवले गेले. करारातून सुटलेल्यांनी लिमाच्या बाजाराजवळ कापोन रस्त्याच्या परिसरात लहान खाणावळी काढल्या, त्यांतून आज ‘चिफा’ नावाने ओळखली जाणारी उपाहारगृहे उभी राहिली. चिफा हा आता संपूर्ण पेरूचा अभिमान आहे, आणि असावाच. त्या अभिमानात मळ्यांवरच्या कराराची प्रत कोणीतरी दाखवावी.

आता ज्या उपाहारगृहांकडे आपल्या फेऱ्यांचे लक्षच जात नाही, त्यांच्याविषयी लिहिते. एप्रिल १९७५ मध्ये ख्मेर रूज या कम्युनिस्ट बंडखोरांनी राजधानी नॉम पेन्ह ताब्यात घेतल्यानंतर कंबोडियातून निसटलेली अनेक कुटुंबे कॅलिफोर्नियात पोहोचली, आणि पुढील वर्षांत तेथील डोनटच्या स्वतंत्र दुकानांचा मोठा हिस्सा या कुटुंबांच्या हाती आला. आधी आलेल्या एका निर्वासिताने दुसऱ्याला काम शिकवले आणि दुकान चालवायला दिले. थोड्या भांडवलात, तुटपुंज्या इंग्रजीत, पहाटेच्या अंधारात उठून घरातील सर्वांनी मिळून करता येईल असा हा व्यवसाय होता. त्या दुकानात कंबोडियाचा एकही पदार्थ कदाचित मिळणार नाही. ‘कंबोडियन वारसा’ शोधायला निघालेली फेरी अशा दुकानासमोरून सरळ पुढे जाते, आणि ज्या समाजाची इतकी माणसे मायदेशी मारली गेली त्याच्या जगण्याचा सर्वांत खरा पुरावा मागे राहतो. याच राज्यातील युबा सिटी परिसरात १९१७ च्या स्थलांतर कायद्यामुळे पंजाबहून पत्नीला आणू न शकलेल्या शेतकऱ्यांनी मेक्सिकन वंशाच्या स्त्रियांशी संसार केले, आणि १९५० च्या दशकात तेथे सुरू झालेल्या अशाच एका कुटुंबाच्या उपाहारगृहात चीज घातलेली पंजाबी रोटी मेक्सिकन पद्धतीने वाढली जाई. अशा पदार्थाला कोणत्या देशाच्या रकान्यात घालणार? आपल्या नकाशांवरील देशांच्या ध्वजांच्या खुणा काढून टाकाव्यात, अशी माझी स्पष्ट सूचना आहे. ध्वज लावला की त्या दुकानाने आपल्या देशाचे प्रतिनिधित्व करावे अशी अपेक्षा पाहुणा करू लागतो आणि या शहरात घडलेला इतिहास झाकला जातो.

उपाहारगृह ही जेवण्याची जागा असते तशी एकत्र येण्याचीही असते, आणि काही वेळा याच कारणाने तिला त्रास सोसावा लागतो. त्रिनिदादहून आलेले फ्रँक क्रिचलो यांनी १९६८ मध्ये लंडनच्या नॉटिंग हिल भागात ‘मँग्रोव्ह’ हे कॅरिबियन उपाहारगृह उघडले. लेखक, संगीतकार, कार्यकर्ते आणि शेजारपाजारचे लोक तेथे बसत, घरमालकाची तक्रार किंवा न्यायालयाचे समन्स आलेला माणूस सल्ला मागायला तेथे येई. जानेवारी १९६९ ते जुलै १९७० या काळात पोलिसांनी तेथे बारा वेळा छापे घातले. ९ ऑगस्ट १९७० रोजी त्याविरुद्ध मोर्चा निघाला, नऊ जणांवर खटला भरला गेला, आणि १९७१ मध्ये ५५ दिवस चाललेल्या सुनावणीनंतर दंगलीस चिथावणी दिल्याच्या मुख्य आरोपातून सर्व जण सुटले. पोलीस दलातील वंशद्वेषाचा उल्लेख न्यायाधीशांनी उघडपणे केला, ही ब्रिटनच्या न्यायालयीन इतिहासातील महत्त्वाची घटना ठरली. असे प्रसंग फेरीच्या मार्गावर असतील तर ते ‘अप्रिय’ म्हणून वगळू नयेत. शहराने ज्या दुकानाला छळले त्याच्यासमोर उभे राहून ते मान्य करण्याची ताकद शहराच्या वारसा समितीत असली पाहिजे.

चांगला नमुना पाहायचा असेल तर न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधील ९७, ऑर्चर्ड स्ट्रीट ही इमारत पाहावी. १८६३ मध्ये बांधलेल्या या भाड्याच्या खोल्यांच्या इमारतीत १९८८ पासून टेनेमेंट म्युझियम उभे राहिले. तेथे तळघरात १८६४ च्या सुमारास एका जर्मन दाम्पत्याने चालवलेले बिअरचे सलून पुन्हा मांडलेले आहे. पुढच्या दालनातील पेले आणि बाके दाखवून संग्रहालय थांबत नाही. मागच्या लहानशा स्वयंपाकघरात गिऱ्हाइकांसाठी जे अन्न तयार होई ते पत्नीच्या हातचे होते आणि त्याच्याच पलीकडे त्यांचे बिऱ्हाड होते, हेही तेथे समजते. बहुतेक पत्रकांत मालक म्हणून पुरुषाचे नाव असते, आणि पहाटे भाजी निवडणारी, संध्याकाळी हिशेब लिहिणारी, गल्ल्यावर बसून मुलांचा अभ्यास घेणारी स्त्री वर्णनात ‘कुटुंबाचा हातभार’ एवढ्या दोन शब्दांत उरकली जाते. मुलाखती घेताना तिची मुलाखत वेगळी घ्यावी, तिच्या भाषेत घ्यावी आणि दुपारी दुकान शांत असताना घ्यावी.

येथे एक सावधगिरीही सांगणे माझे कर्तव्य आहे. स्वयंपाकघरातील प्रत्येकाची कागदपत्रे पक्की असतीलच असे नाही. कोणाचा अर्ज प्रलंबित असेल, कोणी नाव बदलून राहत असेल, कोणाचे नातेवाईक मायदेशी धोक्यात असतील. तेथे छायाचित्रे घेणे, ‘तुम्ही इथे कसे आलात’ असे समूहासमोर विचारणे किंवा मुलाखतीतला तपशील नावासह प्रसिद्ध करणे यांमुळे कोणाचे आयुष्य उद्ध्वस्त होऊ शकते. संमती लेखी आणि त्यांच्या भाषेत असावी, ती केव्हाही मागे घेता यावी, आणि स्थलांतराची कथा सांगायला नकार देणाऱ्या माणसाला फेरीतून वगळले जाणार नाही, ही हमी त्याला आधी मिळावी. शिवाय वीस माणसांचा गट एकेक घास चाखून अर्धा तास टेबले अडवतो, तेव्हा नेहमीचे गिऱ्हाईक परत जाते. फेरीच्या शुल्कातील ठरावीक वाटा दुकानाला रोख आणि त्याच दिवशी मिळाला पाहिजे. सांगितलेली कहाणी हेही काम आहे आणि त्याचा मोबदला जेवणाच्या बिलाहून वेगळा द्यायला हवा.

आता जतनाच्या मुख्य प्रश्नाकडे येते. बहुतेक वारसा कायदे इमारतीचे रक्षण करतात, आणि इमारत वाचवून आतला भाडेकरू निघून गेला तर कायद्याच्या दृष्टीने सर्व काही सुरक्षित राहिलेले असते. सॅन फ्रान्सिस्कोने २०१५ मध्ये ही अडचण ओळखली. त्या शहराने किमान तीस वर्षे चाललेल्या आणि त्या परिसराच्या ओळखीचा भाग बनलेल्या व्यवसायांची अधिकृत नोंदवही तयार केली. हलवले जाण्याचा धोका असलेल्या व्यवसायांसाठी ही अट वीस वर्षांची ठेवली. त्याच वर्षी मतदारांनी मंजूर केलेल्या निधीतून व्यवसायाला अनुदान देण्याबरोबरच दहा वर्षे किंवा त्याहून अधिक मुदतीचा भाडेकरार करणाऱ्या घरमालकालाही अनुदान देण्याची तरतूद झाली. मला यातील घरमालकाविषयीची तरतूद सर्वांत मोलाची वाटते, कारण ती नेमक्या दुखऱ्या जागी हात घालते. जुन्या उपाहारगृहाला फलक देऊन सन्मानित केले की त्या जागेचे मोल वाढते, आणि वाढलेले मोल पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी भाड्याच्या रूपाने त्याच उपाहारगृहाकडून वसूल केले जाते. दीर्घ मुदतीचा करार आधी झाला नसेल तर आपला सन्मान त्या कुटुंबाच्या अंगावर उलटतो.

सिंगापूरने वेगळा मार्ग घेतला. चिनी, मलय, भारतीय आणि इतर स्थलांतरितांनी रस्त्यावर चालवलेले खाद्यपदार्थांचे गाडे १९७० आणि १९८० च्या दशकांत सरकारने बांधलेल्या केंद्रांत हलवले गेले. पाणी, सांडपाणी आणि परवाना यांची सोय झाली, आणि २०२० मध्ये या विक्रेत्यांची संस्कृती युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या प्रातिनिधिक यादीत समाविष्ट झाली. यादीत नाव आल्यामुळे वय झालेल्या विक्रेत्याला शिकाऊ माणूस आपोआप मिळत नाही, हा प्रश्न तेथेही आहे. परंतु सार्वजनिक मालकीच्या जागेमुळे गाळ्याचे भाडे पूर्णपणे खासगी बाजाराच्या हाती राहत नाही, ही गोष्ट प्रत्येक महापालिकेने अभ्यासावी. आपल्याकडील मंडया, बसस्थानकांखालचे गाळे आणि रिकाम्या पडलेल्या सरकारी इमारतींचे तळमजले यांचा विचार या दृष्टीने करता येईल.

वर्षांच्या अटीबाबत माझे मत सांगते. तीस वर्षांचा निकष जुन्या समाजांना न्याय देतो, मात्र काल आलेल्या निर्वासितांना तो तीस वर्षे वाट पाहायला लावतो. इथिओपियातील १९७४ च्या क्रांतीनंतर वॉशिंग्टनमध्ये आलेल्या इथिओपियन लोकांची उपाहारगृहे प्रथम ॲडम्स मॉर्गनमध्ये बहरली, भाडी वाढल्यावर यू स्ट्रीटकडे आली, आणि तेथेही तेच झाल्यावर अनेक जण उपनगरांत गेले. एका जागेवरचा कालावधी मोजला तर अशा समाजाची खाती सतत शून्यापासून सुरू होतात. व्यवसाय दुसऱ्या रस्त्यावर गेला तरी त्याची जुनी वर्षे मोजली जावीत, आणि फेरीनेही शहराच्या हद्दीवर न थांबता त्याच्यामागे जावे. प्रसिद्ध जुनी गल्ली पर्यटकांसाठी सजवायची आणि खरी वस्ती मात्र मेट्रोच्या शेवटच्या स्थानकापलीकडे नकाशाबाहेर ठेवायची, असे होऊ नये.

आपल्या समित्यांच्या बैठकांना वेळापत्रक असते, म्हणून शेवटी एक तातडीची विनंती करते. पुढच्या हंगामाचा नकाशा छापायला देण्यापूर्वी त्यावरील प्रत्येक उपाहारगृहासमोर तीन नोंदी कराव्यात: चालवणारे कुटुंब शहरात कोणत्या कायद्याखाली आले, जागेचा मालक कोण आणि भाडेकराराची मुदत केव्हा संपते. ज्यांची मुदत येत्या दोन वर्षांत संपत असेल त्यांची यादी, त्यांच्या परवानगीने, महापालिकेच्या विधी आणि मालमत्ता विभागांकडे पाठवावी, घरमालकाशी बोलणी करण्यासाठी त्यांना वकील आणि दुभाषी मोफत द्यावा, आणि करार झाल्यानंतरच त्या दारावर फलक लावावा. नोंदी करायला माणसे कमी पडत असतील तर इतिहासाचे विद्यार्थी, भाषा जाणणारे स्वयंसेवक आणि माझ्यासारखे वाचक ते काम करायला तयार आहेत.

आपली विश्वासू,
शहरांच्या इतिहासाची एक वाचक